आऊट ऑफ सिलॅबस : शेअर बाजार

चार वर्षांत आपल्याला इंटिग्रेशन येतं, थर्मोडायनामिक्सचे नियम पाठ होतात, व्हायव्हात सरांची नजर चुकवणंही जमतं. पण पहिला पगार हातात आला की त्याचं काय करायचं, हे आठपैकी एकाही सेमिस्टरला शिकवत नाहीत. मग ती जागा मोबाईल भरून काढतो. सकाळी सव्वानऊला हल्ली दोन गोष्टी एकदम सुरू होतात, पहिलं लेक्चर आणि शेअर बाजार. मागच्या बाकांवर यातलं काय चालू असतं, ते स्टाफलाही ठाऊक आहे.

गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये दर रविवारी जेवणानंतर मी ज्युनिअर पोरांसाठी एक छोटा क्लास घेतला. सहा रविवार, सहा युनिट. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, "दादा, कुठला घेऊ?" त्याचं उत्तर मी सहाव्या रविवारीही दिलं नाही आणि या लेखातही देणार नाही. 'कुठला' च्या आधी 'काय', 'कसं' आणि 'कशाच्या पैशांनी' हे तीन प्रश्न येतात. त्या क्लासच्या नोट्स बऱ्याच जणांनी मागितल्या, त्या इथे देतो आहे.

युनिट १ : शेअर म्हणजे वाटा

समजा, आपल्या गेटसमोरच्या वडापाववाल्या अण्णांना दुसरी गाडी टाकायची आहे. त्यासाठी दोन लाख रुपये हवेत. बँकेचं कर्ज घेतलं तर धंदा चालो न चालो, हप्ता द्यावाच लागणार. दुसरा मार्ग असा : अण्णा धंद्याचे ४,००० सारखे वाटे करतात, ३,००० स्वतःकडे ठेवतात आणि १,००० वाटे प्रत्येकी २०० रुपयांना आपल्याला विकतात. दोन लाख उभे राहिले आणि आपण सगळे मिळून चार आणे धंद्याचे मालक झालो. हा एकेक वाटा म्हणजे शेअर. आणि पहिल्यांदा लोकांना वाटे विकायचा कार्यक्रम म्हणजे आयपीओ.

मालक झालो म्हणजे काय झालं? नफ्यातला काही भाग अण्णांनी वाटला तर तो लाभांश, म्हणजे डिव्हिडंड. वाटला नाही आणि त्यातून तिसरी गाडी टाकली तर आपल्या वाट्याची किंमत वाढते. पण धंदा बुडाला तर? आधी कामगारांचा पगार, कर्जं, सरकारी देणी भागवायची, आणि उरलं तर शेअरवाल्यांना. बहुतेक वेळा काही उरत नाही. वाढीला मर्यादा नाही, तसाच मूळ पैसा शाबूत राहील याचा शब्दही कोणी देत नाही.

आणखी एक गोष्ट पोरांना नेहमी चकवते. तुमच्याकडचा वाटा तुम्ही उद्या २५० ला रूममेटला विकला तर अण्णांना त्यातला एक रुपयाही मिळत नाही. पैसे तुमचे आणि रूममेटचे. बाजारात रोज जी उलाढाल होते ती जवळजवळ सगळी अशी, आपापसातली असते. म्हणून प्रत्येक वेळी 'बाय' दाबताना एक प्रश्न विचारायचा : समोरचा माणूस हाच शेअर मला का विकतोय?

युनिट २ : बाजार चालतो कसा

१८५० च्या दशकात मुंबईच्या टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली काही दलाल जमायचे. त्यांची १८७५ मध्ये रीतसर संघटना झाली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार, बीएसई. पुढे शंभराहून जास्त वर्षं सौदे आरडाओरडा आणि हातवारे करून व्हायचे. १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू केले आणि १९९५ मध्ये बीएसईसुद्धा पडद्यावर आली. शेअरची कागदी सर्टिफिकेटं हरवायची, बनावट निघायची. १९९६ मध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी आली आणि कागद जाऊन 'डिमॅट' आलं. या सगळ्यावर देखरेख करणारी सेबी १९८८ ची, पण कायद्याचे अधिकार तिला मिळाले १९९२ मध्ये.

आता तुमच्या बोटाखालची ऑर्डर कुठे जाते ते पाहू. लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलाय का? माल एकाचा आणि बोली लावणारे अनेक. शेअर बाजारात दोन्ही बाजूंना अनेक असतात. एका रांगेत घेणारे, सगळ्यात जास्त भाव देणारा पुढे. दुसऱ्या रांगेत विकणारे, सगळ्यात कमी भाव मागणारा पुढे. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. दोन्ही रांगांचे पुढचे भाव जुळले की सौदा झाला. एवढा साधा अल्गोरिदम आहे, कॉम्प्युटरवाले एका प्रॅक्टिकलमध्ये लिहितील.

यातून एक कामाची गोष्ट निघते. 'मार्केट ऑर्डर' म्हणजे 'मिळेल त्या भावात दे'. 'लिमिट ऑर्डर' म्हणजे 'या भावाच्या वर देणार नाही'. मोठ्या कंपनीच्या शेअरला रांगा लांब असतात, फारसा फरक पडत नाही. पण फारशी उलाढाल नसलेल्या शेअरला मार्केट ऑर्डर टाकली तर भाव कुठच्या कुठे लागतो. त्याहून वाईट म्हणजे लोअर सर्किट. भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला की विकणाऱ्यांची रांग गेटपर्यंत आणि घेणारा एकही नाही. स्क्रीनवर शेअर दिसतो, किंमत दिसते, विकता मात्र येत नाही. पाच-सात रुपयांचा 'मल्टिबॅगर' ग्रुपवर कोणी सांगितला तर आधी हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

सौदा झाल्यावर पैसे आणि शेअर यांची अदलाबदल पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होते. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हा नियम लागू आहे. शेअर राहतात डिपॉझिटरीत तुमच्या नावावर, ब्रोकरच्या खिशात नाहीत. ब्रोकर म्हणजे पोस्टमन, पत्र आपलंच.

युनिट ३ : भाव का हलतो

पुन्हा अण्णांकडे येऊ. सगळा खर्च आणि त्यांचा स्वतःचा पगार वजा जाता वर्षाला ८०,००० रुपये नफा उरला. ४,००० वाट्यांत भागला की एका वाट्याला २० रुपये. याला ईपीएस म्हणतात. भाव २०० आहे, म्हणजे लोक एका वर्षाच्या नफ्याच्या दहापट पैसे मोजताहेत. हा दहाचा आकडा म्हणजे पी-ई. सूत्र सोपं झालं : भाव = एका शेअरमागचा नफा × पी-ई.

पुढच्या वर्षी नफा दीडपट झाला आणि ईपीएस ३० वर गेला, तर पी-ई तोच असताना भाव ३०० होईल. ही धंद्याची वाढ. पण समजा, कॉलेजच्या गॅदरिंगला कोणीतरी रील टाकली, सगळ्यांना अण्णांचा शेअर हवा झाला आणि पी-ई दहाचा वीस झाला. नफा २० च आहे, भाव मात्र ४००. ही मूडची वाढ, आणि मूड उतरला की वीसचा दहा व्हायला आठवडाही लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत सांगायचं तर नफा हा सिग्नल आणि रोजचा पी-ई बराचसा नॉइज. दर पाच मिनिटांनी ॲप उघडणारा माणूस नॉइज मोजत बसलेला असतो.

खरी उदाहरणं घेऊ. १९८१ साली पुण्यात सात जणांनी सुरू केलेली इन्फोसिस १९९३ मध्ये आयपीओ घेऊन आली, ९५ रुपयांना. तो इश्यू तेव्हा पुरता भरलासुद्धा नाही! आज प्रत्येक काका सांगतो, 'तेव्हा शंभर घेऊन ठेवले असते तर...' पण त्याच दशकात लोकांकडून पैसे घेऊन अक्षरशः गायब झालेल्या इतक्या कंपन्या होत्या, की 'व्हॅनिशिंग कंपन्या' अशी यादीच सरकारला करावी लागली. त्यांची नावं कुठल्याच काकांना आठवत नाहीत. आणि मोठं नाव म्हणजे सुरक्षित, असंही नाही. सत्यम ही सेन्सेक्समधली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ ला तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याचं पत्र लिहून कबूल केलं आणि त्या एका दिवसात शेअर तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला.

म्हणून सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत. इंडेक्स फंड हा त्यावरचा सोपा उपाय. सेन्सेक्स म्हणजे ३० मोठ्या कंपन्या, निफ्टी म्हणजे ५०. इंडेक्स फंड त्या सगळ्या त्याच प्रमाणात घेतो. यादीतली एखादी कंपनी घसरत गेली की ती बाहेर जाते आणि दुसरी येते. सत्यमच्या जागीही लगेच दुसरी कंपनी आली.

युनिट ४ : वेळ नावाचं इंजिन

सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, तेव्हा तो १०० धरलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने ८५,००० ओलांडले. कॅल्क्युलेटरवर करून बघा, साडेपंचेचाळीस वर्षांत ८५० पट म्हणजे लाभांश सोडून वर्षाला साधारण १६ टक्के पडतात.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २०,८०० च्या वर बंद झाला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर होता. २०१३ संपत आलं तरी तो पुन्हा एकवीस हजारांच्याच आसपास. म्हणजे शिखरावर घेतलेल्या माणसाला जवळजवळ सहा वर्षं मुद्दलच बघत बसावं लागलं. तो २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत थांबला असेल तर त्याला वर्षाला साधारण ९ टक्के मिळाले. २३ मार्च २०२०, लॉकडाऊनच्या तोंडावर, एकाच दिवसात सेन्सेक्स १३ टक्क्यांनी कोसळला होता. पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे बाजारात का ठेवू नयेत, याचं उत्तर या चार ओळींत आहे.

मग आपल्या वयाचा फायदा काय? एक गणित करू. महिन्याला ५०० रुपये आणि वर्षाला १२ टक्के दर (महिन्याला १ टक्का) धरू. हा दर फक्त गणितासाठी, त्याची हमी कोणी देत नाही. वयाच्या विसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठाव्या वर्षी होतात सुमारे ५८ लाख ८० हजार. तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर साडेसतरा लाख. खिशातून गेलेल्या पैशांत फरक फक्त ६०,००० चा! बाकीची किमया पहिल्या दहा वर्षांची.

पण थांबा, अठ्ठावन्न लाख ऐकून लगेच पार्टी मागू नका. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर चाळीस वर्षांत वस्तूंचे भाव दहापट होतात. म्हणजे त्या रकमेची किंमत आजच्या हिशेबाने पावणेसहा लाखांच्या आसपास. म्हणून पगार वाढेल तशी रक्कमही वाढवायची. आणि जो कोणी महागाई वगळून तुम्हाला करोडपती करून दाखवतो, त्याच्या पुढच्या स्लाइडवर तो काय विकतोय ते बघायचं.

युनिट ५ : एफ अँड ओ

खरं सांगायचं तर हा क्लास मी या युनिटसाठीच सुरू केला.

आमच्याच विंगमध्ये एक मुलगा होता. नाव, ब्रँच सांगत नाही. घरच्यांनी सोयाबीन विकून फीच्या दुसऱ्या हप्त्याचे ४५,००० पाठवले होते. ऑफिसात भरायला चार दिवस होते, तेवढ्यात 'थोडे वाढवू' म्हणून त्याने ऑप्शन घेतले. पहिल्या दिवशी २,२०० रुपये नफा झाला, आणि तोच नफा त्याला महाग पडला. अकरा दिवसांत ३८,००० गेले. ते परत मिळवायला त्याने लोन ॲपवरून १०,००० काढले, तेही गेले. मग तो मेसमध्ये यायचा बंद झाला. विचारलं की 'भूक नाही'. रूममेटने रेक्टर सरांना सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. सरांनी त्याला समोर बसवून घरी फोन लावायला लावला. तिकडून वडील एवढंच म्हणाले, "पैशाचं बघू, तू आधी जेवून घे." ऑफिसने नंतर हप्ते पाडून दिले.

ऑप्शन म्हणजे काय, ते समजायला गावाकडची इसारपावती आठवा. जमीन ठरलेल्या भावात ठरलेल्या तारखेपर्यंत घेण्याचा हक्क म्हणून इसार देतात. व्यवहार पुरा केला नाही तर इसार बुडाला. कॉल ऑप्शनचं तसंच. समजा, निफ्टी २५,००० वर आहे आणि २५,००० चा कॉल तुम्ही १०० रुपये प्रीमियम देऊन घेतला. लॉट ७५ चा धरू, म्हणजे ७,५०० रुपये गेले. तारखेला निफ्टी ६० पॉइंटने वर गेला. तुमचा अंदाज बरोबर निघाला! पण हातात येतात ६० गुणिले ७५, म्हणजे ४,५००. अंदाज बरोबर, तरी ३,००० तोटा. निफ्टी जागचा हलला नाही तर सगळेच गेले. शेअर घेऊन विसरता येतो. ऑप्शन ही कुल्फी आहे, हातात धरून बसलात तरी वितळतच राहते.

दुसरी गोष्ट अण्णांच्या गाडीशी ताडून बघा. गाडी रोज वडापाव विकून नवीन पैसा आणते, म्हणून तिचे सगळेच वाटेकरी एकाच वेळी फायद्यात असू शकतात. एफ अँड ओ मध्ये नवीन पैसा तयार होत नाही. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांच्याही खिशातून ब्रोकरेज, कर आणि एक्स्चेंजची फी जाते. चार मित्र शंभर-शंभर घेऊन रमीला बसले आणि खोलीचा मालक दर डावाला पाच रुपये काढत राहिला, तर ऐंशी डावांनंतर चौघांत मिळून शून्य उरतात. कोण किती हुशार होता याचा प्रश्नच येत नाही.

हे माझं मत नाही, सेबीचे आकडे आहेत. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींपेक्षा जास्त. २०२३-२४ या वर्षात यातले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलं होतं. मग कमावलं कोणी? त्याच वर्षी बड्या ट्रेडिंग कंपन्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८,००० कोटी, खर्च वजा न करता. त्यांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांचा. म्हणजे हॉस्टेलच्या वायफायवरून तुम्ही ज्याच्याशी पैज लावताय, तो बहुतेक वेळा एक सर्व्हर असतो. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने नियम कडक केले, तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले.

ऑप्शन मुळात वाईट नाहीत. ज्याच्याकडे कोट्यवधींचे शेअर आहेत, त्याला पडझडीपासून विमा म्हणून ते उपयोगी पडतात. विम्याचं काम ज्याला आहे त्याने तो घ्यावा. मेसचं बिल थकलेल्याने नाही.

युनिट ६ : प्रॅक्टिकल

सुरुवात करायचीच असेल तर हा क्रम :

एक, फी, मेस, परीक्षा फॉर्म आणि स्कॉलरशिप यांच्या पैशांना हात लावायचा नाही. कर्ज काढून तर अजिबात नाही. स्टायपेंड किंवा शिकवणीचे, आपले स्वतःचे आणि गेले तरी झोप उडणार नाही असेच पैसे.

दोन, आधी बचत खात्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला. त्यानंतर बाजार.

तीन, १८ वर्षं पूर्ण, पॅन, बँक खातं आणि सेबीकडे नोंदणी असलेला ब्रोकर. नोंदणी सेबीच्या वेबसाइटवर तपासता येते. एफ अँड ओ चा पर्याय समोर आला तर तो सुरूच करायचा नाही.

चार, पहिलं पाऊल म्हणून इंडेक्स फंडाची छोटी एसआयपी. दोन फंडांत निवड करताना खर्चाचं प्रमाण कमी असलेला, डायरेक्ट प्लॅन. शेअर घ्यायचाच तर कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून. तो फुकट मिळतो आणि बऱ्याच टेक्स्टबुकांपेक्षा सोपा असतो.

पाच, 'गॅरंटीड रिटर्न', 'व्हीआयपी ग्रुप', 'तुझं खातं दे, आम्ही ट्रेड करतो' यातलं काहीही कानावर आलं की तिथून निघायचं. आपलं बँक खातं कोणाला 'वापरायला' तर चुकूनही द्यायचं नाही, पोलीस खातेदाराकडेच येतात. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन. ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर सेबीचं 'स्कोअर्स' पोर्टल आहे.

सहा, अभ्यास. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. गुंतवणूकदारांसाठी तिची एक मोफत ऑनलाइन परीक्षा असते. सर्टिफिकेट मिळतं, रेझ्युमेलाही बरं दिसतं!

आता परंपरेप्रमाणे प्रश्नसंच (सर्व प्रश्न अनिवार्य, केटी लागल्यास स्वतःच्या खिशातून) :

प्र. १. मी हा शेअर का घेतोय, हे दोन वाक्यांत लिहा. त्यात 'ग्रुपवर आलं होतं' हे शब्द नकोत.

प्र. २. उद्यापासून पाच वर्षं बाजार बंद राहणार असेल, तरी मी हा घेईन का? कारणे द्या.

प्र. ३. हे पैसे कोणाचे आहेत आणि ते कधी लागणार आहेत?

प्र. ४. पूर्ण रक्कम बुडाली तर ते मी घरी सांगू शकेन का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पहिले तीन सोडवायची गरज नाही. आणि ज्याचे पैसे आधीच गेले आहेत, त्याने ते 'रिकव्हर' करायच्या मागे न लागता आज रात्री रूममेटला, मला किंवा रेक्टर सरांना येऊन सांगावं. कोणी ओरडणार नाही.